एक तार तुटली, बाकीच्या पाच का चढल्या?

गणपतीचे दिवस, कोल्हापूरच्या राजारामपुरीतलं स्टेज, दुसरंच गाणं. माझ्या इलेक्ट्रिक गिटारची पहिली तार फटकन तुटली. एक गेली तर पाचांवर निभावू, म्हणून पुढचा कॉर्ड छेडला आणि कीबोर्डवाल्यानं मान वळवली. उरलेल्या पाचही तारा सुरातून वर चढल्या होत्या. "भावा, तुटली एक, बाकीच्यांना काय झालं?"

उत्तर गिटारच्या पाठीमागच्या झाकणाखाली आहे. साध्या गिटारचा ब्रिज, म्हणजे तारांची खालची टोकं धरणारा भाग, अंगात पक्का बसवलेला असतो. माझा तरंगता. तो पुढच्या दोन खुंटांवर नुसता टेकलेला असतो, शाहूपुरीच्या अडतीतल्या जुन्या तराजूच्या दांडीसारखा. वरून सहा तारा त्याला ओढतात. पातळ तारांच्या नेहमीच्या सेटची ही ओढ मिळून सुमारे ३८ किलो भरते. आतून तीन ते पाच स्प्रिंगा उलट्या दिशेनं ओढतात. दोन्हींचा जोर जुळला की ब्रिज तरंगतो. एक तार तुटली की स्प्रिंगा जिंकतात, ब्रिज मागे कलतो आणि उरलेल्या तारा ताणल्या जातात.

सूर लावताना हाच खेळ उलटा चालतो. सहावी तार चढवली की ब्रिज किंचित पुढे झुकतो आणि बाकीच्या पाच उतरतात. त्या लावाव्यात, तर सहावी पुन्हा उतरलेली. नवशिक्याला वाटतं गिटारच खराब आहे. पण दर फेरीला चूक कमी होत जाते. चार-पाच फेऱ्यांत काम भागतं.

हा सगळा खटाटोप ब्रिजला जोडलेल्या एका दांड्यासाठी. तो दाबला की सूर खाली घसरतो, उचलला की वर जातो. १९५४ साली लिओ फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर या गिटारवर तो आला आणि त्याला 'ट्रेमोलो' म्हटलं गेलं. ट्रेमोलो म्हणजे खरं तर आवाज लहानमोठा होणं. सूर हलतो त्याला व्हायब्रेटो म्हणतात. पण चुकीचं नावच चिकटलं.

खरी अडचण दांडा सोडल्यावर येते. ब्रिजनं आणि तारेनं अगदी पहिल्या जागी परतायला हवं. तारेची कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलते. म्हणजे ताण १ टक्का चुकला तर सूर अर्धा टक्का, सुमारे ९ सेंट, हलतो (सेंट म्हणजे शेजारच्या दोन स्वरांमधल्या अंतराचा शंभरावा भाग). तयार कानाला तेवढं खटकतं. पहिल्या तारेवर ताण जेमतेम ६ किलो, म्हणजे चूक फक्त ६० ग्रॅमची, एका अंड्याच्या वजनाएवढी. नट म्हणजे मानेच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी. तिच्या खाचेत घर्षणानं तार जरा जरी अडकली, तरी एवढा फरक सहज पडतो. दांडा खूप दाबून सोडला आणि तार चढी राहिली, किंवा बोटानं ओढून सोडली आणि उतरी राहिली, तर संशय आधी नटवर घ्यावा. खाचेत पेन्सिलीचं शिसं घासणं हा फुकटातला आणि खरोखर चालणारा उपाय.

फ्लॉइड रोझ या अमेरिकन गिटारवादकानं खाचेचा प्रश्नच मिटवला. त्यानं तार नटपाशी आणि ब्रिजपाशी चिमट्यात घट्ट आवळली. १९७९ साली त्याला पेटंट मिळालं. पण नट आवळला की वरच्या खुंट्या फिरवून उपयोग नाही. म्हणून पुढे ब्रिजवरच सूक्ष्म सुरासाठी छोटे स्क्रू आले. मिरजेचा तानपुरा पाहिलेल्याला यात नवल वाटणार नाही: खुंटीनं ढोबळ सूर लावायचा आणि घोडीच्या खालचा मणका सरकवून बारीक. आता उरते ती ब्रिजची चाकूसारखी धार, जिच्यावर तो डोलतो. ती बोथट झाली तर ब्रिज दर वेळी वेगळ्या जागी बसतो. उद्यमनगरातल्या कुठल्याही लेथवाल्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

तारा बदलताना मी आता लाकडाची पाचर वापरतो. मागच्या खोबणीत, स्प्रिंगा जिकडे ओढतात त्या बाजूला, ब्रिज गिटारच्या अंगाला समांतर राहील एवढ्या जाडीची पाचर घालायची. स्प्रिंगा जरा जास्त आवळून सहाही तारा सुरात लावायच्या, मग स्प्रिंगांचे दोन स्क्रू हळूहळू सैल करायचे. पाचर आपोआप गळून पडली की तराजू जुळला.

ती पाचर आता गिटारच्या पेटीत कायम असते, झाकण मात्र मी काढूनच टाकलंय. पुढच्या वर्षी पुन्हा तार तुटली, तेव्हा दांडा दाबला, पाचर सरकवली, दांडा सोडला. पाचही तारा जागेवर आल्या. कीबोर्डवाल्यानं या वेळी मान वळवली नाही.