शूलाओ : चिनी वैद्यकातल्या थकव्याची पार्श्वभूमी

'सतत थकवा येतो' एवढीच तक्रार घेऊन चिनी वैद्याकडे गेलं, तर आधी उलटतपासणी होते. सकाळी उठतानाच अंग जड असतं, की दुपारी जेवल्यावर डोळे मिटतात? चार पावलं चालून आल्यावर तरतरी येते, की आणखी गळून जायला होतं? मग जीभ बघायची: फिकट आणि कडेला दातांचे ठसे उमटलेली, लाल आणि लेप नसलेली, की जाड चिकट थर चढलेली. एका तक्रारीला इतके फाटे का फुटले, हे कळायला दोन हजार वर्षं मागे जावं लागतं.

या वैद्यकाचा मूळ ग्रंथ 'हुआंगदी नेइजिंग' इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या दोन शतकांत आकाराला आला असं साधारणपणे मानतात. त्यात झिजेचे पाच प्रकार दिले आहेत : फार वेळ पाहत राहिल्याने रक्त झिजतं, फार लोळल्याने ची, फार बसल्याने मांस, फार उभं राहिल्याने हाडं आणि फार चालल्याने स्नायुबंध. (उच्चाराला 'छी' जास्त जवळचं, पण मराठीत ते लिहिलं की वाचणारा नाक मुरडणार, म्हणून 'ची'. अर्थ: शरीर चालतं ठेवणारी शक्ती.) लोळण्याने शक्ती झिजते हे कलम मला फार मार्मिक वाटतं. नुसती विश्रांती हा थकव्यावरचा उपाय नाही, हे तिथेच मान्य केलेलं आहे.

थकव्याला रोगाचं नाव आणि पाठ (म्हणजे औषधाची ठरलेली कृती) मिळाला तो हान राजवटीच्या अखेरीस, इ. स. 200च्या सुमारास. झांग झोंगजिंग या वैद्याच्या 'जिनग्वेई याओल्युए' ग्रंथात 'शूलाओ'वर स्वतंत्र विवेचन आहे. शू म्हणजे पोकळ, रिकामं. लाओ म्हणजे कष्टाने आलेली झीज. पोटात कळ, धडधड, नाकातून रक्त, हातापायांत ठणका, तळहात-तळपाय गरम, घशाला कोरड, अशा रुग्णाला त्याने 'श्याओ ज्येनझोंग थांग' हा काढा सांगितला. 'मधला भाग उभारणारा छोटा काढा' असा नावाचा अर्थ, आणि मधला भाग म्हणजे पोट. दालचिनीच्या कोवळ्या काड्या 3 लियांग, पांढऱ्या पिओनीचं मूळ 6 लियांग (लियांग हे वजनाचं माप, पुढे येणारं शंग हे द्रवाचं), आलं, ज्येष्ठमध आणि 12 चिनी बोरं 7 शंग पाण्यात 3 शंग उरेपर्यंत उकळायची. गाळून त्यात 1 शंग माल्टचा पाक घालायचा, मंद आचेवर विरघळवायचा आणि एकेक शंग कोमट करून दिवसातून तीनदा घ्यायचा. पाक आधीच घालून उकळायचा नाही. ज्याला उलट्या होतात त्याला हा काढा देऊ नये, कारण तो गोड आहे, ही सूचनाही जुनीच.

इथेच एक कायमचा घोटाळा आहे. हान काळातला लियांग साधारण 14-15 ग्रॅमचा. पण मिंग काळात (1368-1644) 'तेव्हाचा एक लियांग म्हणजे आताचा एक छियेन', म्हणजे लियांगचा दहावा भाग, हा हिशेब रूढ झाला, आणि आजची पाठ्यपुस्तकं 1 लियांगला 3 ग्रॅम धरतात. पाठ तोच, मात्रा पाचपट वेगळी. जुना ग्रंथ उघडून स्वतः वजन करणाऱ्याने हे आधी लक्षात घ्यावं, विशेषतः पाठात वत्सनाभाच्या जातीचं फूझी असेल तर. ते शोधन केलेलं असूनही आधी वेगळं, बराच वेळ उकळावं लागतं. कच्चं राहिलं तर हृदयाची लय बिघडते.

पुढचं मोठं वळण युद्धातून आलं. 1232 साली मंगोलांनी जिन राजवटीची राजधानी काइफेंगला वेढा घातला. ली दोंगयुआन (1180-1251) हा वैद्य तेव्हा शहरात होता. वेढा उठल्यावर लोक तापाने फणफणून मरू लागले. त्याने लिहिलंय की शहराच्या बारा दरवाजांपैकी प्रत्येकातून रोज एक ते दोन हजार प्रेतं बाहेर जात आणि हे जवळजवळ तीन महिने चाललं. वैद्य त्यांना घाम आणणारी आणि जुलाबाची औषधं देत होते. लीचं म्हणणं असं की हा ताप बाहेरचा नव्हे. उपासमार, भीती आणि श्रमांनी पोट खचल्याचा आहे. (ती साथच असावी, असं आजचे काही अभ्यासक म्हणतात.) ओळखायची खूण त्याने हातावर दिली : बाहेरच्या रोगात हाताची पाठ तापते, आतल्या झिजेत तळवा.

1249च्या 'पीवेई लुन' या त्याच्या ग्रंथात 'बुझोंग यीची थांग' हा काढा सापडतो, जो आजही सतत थकव्यावर सगळ्यात जास्त आठवला जाणारा पाठ असेल. 'पी'चं भाषांतर प्लीहा असं करतात आणि वाचक फसतो. इथे पी म्हणजे अन्नापासून शक्ती काढणारं काम. आपल्या अग्नीच्या कल्पनेशी त्याचं नातं जास्त जवळचं. पाठात हुआंगची हे मूळ 5 फेन, फार थकलेल्याला 1 छियेन म्हणजे 10 फेन. शेंगमा आणि छायहू ही मुळं मात्र 2-3 फेनच. ही दोन खाली उतरलेली शक्ती वर उचलायला असतात. आज हुआंगची 15-20 ग्रॅम घेतात आणि ही दोन 3 ते 6 ग्रॅम. त्यांचं प्रमाण हुआंगचीच्या बरोबरीला नेलं तर काढ्याचा स्वभावच पालटतो. तो घाम आणून ताप उतरवण्याकडे झुकतो. सर्दीतापात हाच काढा देणं म्हणजे चोर घरात असताना दार लावणं, असं चिनी वैद्य म्हणतात.

मिंग काळात नजर पोटावरून मूत्रपिंडाकडे सरकली. झांग जिंगयुए (1563-1640) शिजवलेल्या रेहमानियाचा, म्हणजे शूदीचा, इतका वापर करी की लोक त्याला 'झांग शूदी'च म्हणत. हे मूळ नऊदा वाफवून नऊदा वाळवण्याची जुनी रीत. काळंभोर, चिकट, गोड होतं. पोट मंद असलेल्याला ते पचत नाही, शौचाला पातळ होतं, भूक मरते. मग थकवा वाढतो आणि रुग्ण मात्रा वाढवतो. शक्तिवर्धकाने थकवा वाढण्याचं हे नेहमीचं कारण.

विसाव्या शतकात नाव बदललं. अमेरिकन डॉक्टर बिअर्डने 1869 मध्ये प्रचारात आणलेलं 'न्यूरास्थेनिया' जपानमार्गे चीनमध्ये पोहोचलं आणि 'शेनजिंग श्वायरुओ' झालं. 1980 मध्ये चीनमधल्या छांगशा इथे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी या निदानाचे 100 रुग्ण तपासले; 87 जणांना मोठं नैराश्य असल्याचं अमेरिकी निकषांनी दिसलं. मन खचलंय हे सांगण्यापेक्षा थकवा सांगणं सोपं होतं. त्यामुळे शूलाओच्या जुन्या वर्णनांत आज क्षयरोग, रक्तक्षय, नैराश्य असं बरंच काही वेगवेगळं दिसतं. पुरावा तपासायला गेलं तर हात रिकामेच राहतात : दीर्घकालीन थकव्यावरच्या चिनी वनौषधींचा 2009चा कोक्रेन आढावा (चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणारा) निकषांत बसणारी एकही चाचणी शोधू शकला नाही. म्हणून हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर, बी-12 आणि रात्रीचा घाम किंवा खोकला असेल तर क्षयाची तपासणी, हे काढ्याच्या आधी. ज्येष्ठमध रोज घेतल्याने रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरतं. जिनसेंग वॉरफरिन या रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधाचा परिणाम कमी करू शकतं.

ली दोंगयुआनच्या पाठातल्या जिनसेंगची खरेदीही डोळसपणे हवी. चीनमधल्या आजच्या काढ्यांत त्याच्या जागी बऱ्याचदा स्वस्त दांगशेन घालतात, जे वेगळ्याच कुळातलं मूळ आहे. आणि आपल्याकडे 'इंडियन जिनसेंग' म्हणून विकलं जातं ते अश्वगंधा. ती वांग्या-टोमॅटोच्या कुळातली. ली दोंगयुआनच्या पाठात तिचा पत्ता नाही.