फिश टँक ग्रॅन्युलोमा

‘मायकोबॅक्टेरियम मरीनम’ या जीवाणूमुळे त्वचेला होणारा हा एक विरळ व संथ गतीने वाढणारा संसर्ग असून, घरातील शोभेच्या माशांची टाकी हे त्याचे सर्वांत परिचित उगमस्थान होय. हा जीवाणू क्षयरोगाच्या जीवाणूचा जवळचा नातलग आहे. ॲरन्सन यांनी १९२६ मध्ये फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातील मृत माशांमधून तो वेगळा केला, तर माणसालाही त्याची बाधा होते हे नॉर्डेन व लिनेल यांनी १९५१ मध्ये स्वीडनमधील पोहण्याच्या तलावाशी संबंधित रुग्णांवरून दाखवले.

टाकीतले दगड-शंख उलटेपालटे करणाऱ्या मुलाच्या बोटावर आधीच एखादा ओरखडा असला, की जीवाणूला वाट मिळते. साधारण दोन ते चार आठवड्यांनी तेथे तांबूस-जांभळी, फारशी न दुखणारी गाठ येते, पुढे ती चामखिळीसारखी खरखरीत होते किंवा फुटून चिघळते, आणि काही रुग्णांत लसिकावाहिनीच्या (ऊतकांतील द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नलिकेच्या) मार्गाने मनगटापासून कोपरापर्यंत गाठींची ओळच उमटते. तोवर ओरखडा विसरला गेलेला असतो, कदाचित मासेही मेलेले असतात. त्यामुळे ‘घरात फिश टँक आहे किंवा होता का?’ हे डॉक्टरांनी आपणहून विचारावे लागते. निदानातील खरी अडचण या न विचारलेल्या प्रश्नाचीच असते.

दुसरी अडचण प्रयोगशाळेतली. हा जीवाणू सुमारे ३० अंश सेल्सिअसला उत्तम वाढतो, पण नेहमीच्या ३७ अंशांच्या उबवणी पेटीत तो नीट वाढत नाही. म्हणून बायोप्सीचा तुकडा पाठवताना संशय चिठ्ठीवर स्पष्ट लिहिला नाही, तर संवर्धाचा (जीवाणू वाढवून पाहण्याच्या चाचणीचा) अहवाल निगेटिव्ह येऊ शकतो. वाढ दिसण्यास काही आठवडे लागतात. अंधारात फिकट राहिलेल्या वसाहती उजेडात ठेवल्यावर पिवळ्या होतात. सूक्ष्मदर्शकाखाली ऊतकात कणार्बुदे (ग्रॅन्युलोमा, म्हणजे दाहपेशींचे बारीक पुंजके) दिसली, तरी आम्लस्थायी (रंगवल्यावर आम्लानेही रंग न सोडणारे) जीवाणू बरेचदा सापडत नाहीत. भारतात त्वचेच्या क्षयरोगाशी गल्लत होणे स्वाभाविकच आहे, कारण या संसर्गातही ट्यूबरक्युलिन चाचणी (क्षयरोगासाठी त्वचेत टोचून करतात ती) पॉझिटिव्ह येऊ शकते. गाठींच्या ओळीमुळे स्पोरोट्रायकोसिस या बुरशीजन्य रोगाचाही विचार करावा लागतो.

उपचारांत क्लॅरिथ्रोमायसिनसारखी प्रतिजैविके, बहुधा दुसऱ्या औषधाच्या जोडीने, काही महिने दिली जातात. हा संसर्ग एका मुलाकडून दुसऱ्याला होत नसल्याने रुग्णाला वेगळे ठेवण्याचे कारण नाही.