चाळींची भिंत आणि झूमवर आलेला आळ

लालबाग-परळच्या चाळींना मागचे टॉवर अगदी खेटून उभे आहेत, असा फोटो कुणी दाखवला की शेजारचा म्हणतोच, "झूमने चिकटवलंय, खोटं आहे." हा आळ उगाच आहे. इमारती चिकटतात त्या फोटो काढणाऱ्याच्या अंतरामुळे.

हिशोब सोपा आहे. तुम्ही चाळीपासून २० मीटरवर उभे आहात, आणि तिच्यामागे आणखी २० मीटरवर तशीच दुसरी चाळ आहे. मागची ४० मीटरवर, म्हणजे तिची खिडकी पुढचीच्या निम्मी दिसणार. आता ५०० मीटर लांबच्या उंच गच्चीवर जा. पुढची चाळ ५०० वर, मागची ५२० वर. ५०० भागिले ५२० म्हणजे ०.९६. मागची खिडकी पुढचीच्या ९६ टक्के! हा फरक डोळ्याला जाणवतही नाही. तिथूनच साध्या मोबाइलने रुंद फोटो काढा आणि मधला तुकडा मोठा करून बघा. चित्र फाटेल, पण इमारती तशाच खेटलेल्या असतील. झूम फक्त तुकडा कापतं.

खरी गंमत पुढे आहे. लांबून, कॅमेरा वरखाली न झुकवता फोटो घेतला की उभ्या रेषा उभ्याच राहतात. खोली ओळखायच्या खुणा पुसल्या जातात आणि उरतो नुसता पोत. मेंदूच्या दृश्य भागात ठरावीक कोनातल्या कडांनाच प्रतिसाद देणाऱ्या पेशी असतात. त्यांच्या शोधासाठी ह्यूबेल आणि वीझेल या शास्त्रज्ञांना १९८१ साली नोबेल मिळालं. चाळीतल्या बहुतेक कडा उभ्या नाहीतर आडव्या. तेच ते पुन्हा आल्यावर मेंदू सरासरी धरून मोकळा होतो. मूठभर तांदळातले दाणे आपण कुठे मोजतो?

मग काचेचा पट्टेदार टॉवर डोळ्यांत का खुपतो? ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ अर्नोल्ड विल्किन्स यांनी दाखवलं, की गडद-फिकट पट्ट्यांच्या साधारण ३ जोड्या नजरेच्या १ अंशाच्या कोनात बसल्या तर डोळ्यांना सर्वाधिक त्रास होतो, काहींचं डोकंही दुखतं. हात लांब केल्यावर करंगळीची रुंदी साधारण १ अंश भरते. चाळीत हे पट्टे अखंड राहतच नाहीत. वाळत घातलेली लुगडी, निळी ताडपत्री, पुढे काढलेल्या ग्रिल, तुळशीचे डबे, एसीचे खोके, सगळे मिळून लय मोडतात. त्यात हवेतली धूळ प्रकाश विखुरते, लांबचा काळा रंग करडा होतो. असा फोटो बघताना जी शांतता वाटते, ती माझ्या मते इथून येते. "मेंदूतलं डोपामिन नावाचं रसायन वाढतं" वगैरे म्हणायची गरज नाही. असा फोटो भिंतीवर लावला तर नकारात्मक ऊर्जा येते असं सांगणाऱ्यांनी ती किती ज्यूल (ऊर्जा मोजायचं एकक), तेवढं सांगावं.

स्वतः काढणार असाल तर चौकटीतून आकाश आणि रस्ता दोन्ही वगळा. जमीन दिसली की डोळा पुन्हा अंतर मोजायला लागतो.