सगळ्यांना माझ्यापेक्षा जास्त मित्र कसे?

"सगळ्यांचे फॉलोअर्स माझ्यापेक्षा जास्त आहेत," ही अकरावी-बारावीतल्या मुलांची कुरकुर सदाशिव पेठेपासून वाकडपर्यंत घरोघरी ऐकू येते. घरच्यांचं उत्तर ठरलेलं: "काहीतरीच! तुला उगाच वाटतं." पण उगाच नाही वाटत. हिशेब मांडला तर ते बहुधा खरंच निघतं, आणि त्याचा मुलाच्या नाकाडोळ्यांशी किंवा स्वभावाशी काडीचा संबंध नसतो.

स्कॉट फेल्ड या समाजशास्त्रज्ञाने १९९१ मध्ये हे गणित मांडलं. समजा, स्वारगेटहून दोन बस सुटल्या, एकीत ८० माणसं, दुसरीत १०. डेपोच्या दृष्टीने सरासरी ४५. प्रवाशांना विचाराल तर ९० पैकी ८० जण म्हणणार, केवढी ही गर्दी! कारण भरलेल्या बसबद्दल बोलणारी तोंडंच जास्त.

मैत्रीतही हेच होतं. समजा, सईच्या तीन मैत्रिणी आहेत, पण त्या तिघींची आपसात ओळख नाही. मैत्रिणींचे आकडे ३, १, १, १, सरासरी दीड. आता प्रत्येकीला विचारा, तुझ्या मैत्रिणीला मैत्रिणी किती? सईचा ३ हा आकडा तीनदा मोजला जातो, बाकीच्यांचा १ एकेकदाच. बेरीज १२, उत्तरं सहा, सरासरी २. हा वरचा अर्धा येतो कुठून? प्रत्येकीच्या आकड्याचा सरासरीपासूनचा फरक घ्या, त्याचा वर्ग करा, चारही वर्गांची सरासरी काढा (०.७५) आणि तिला दीडने भागा. बरोब्बर ०.५! म्हणजे लोकांच्या मित्रसंख्येत तफावत जितकी मोठी, तितकी ही दरी रुंद. समाजमाध्यमांवर तर तफावत अफाट. फेसबुकच्या सुमारे ७२ कोटी वापरकर्त्यांची २०११ मध्ये मोजदाद झाली, तेव्हा सरासरी मित्र १९० होते आणि मित्रांचे सरासरी मित्र ६३५. तब्बल ९३ टक्के लोक आपल्या मित्रांच्या सरासरीच्या खाली!

लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच म्हटलं होतं, की माणूस स्वतःला जोखतो ते आपल्यासारख्यांशी ताडून. सिनेनटाचे लाखो चाहते सलत नाहीत, शेजारच्या बाकावरच्या मुलीचे दोन हजार सलतात. यावर हल्ली रील्समधून '३६९'चा तोडगा सांगतात: इच्छा सकाळी तीनदा, दुपारी सहादा, रात्री नऊदा लिहायची. वही भरेल, पण वरची भागाकाराची रीत काही बदलणार नाही.

याच गणिताचा उपयोगही झालाय. २००९ च्या फ्लूच्या साथीत निकोलस क्रिस्टाकिस आणि जेम्स फाउलर या संशोधकांनी हार्वर्डमधले काही विद्यार्थी चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडले आणि त्यांना मित्रांची नावं विचारली. वरच्या गणिताप्रमाणे नावं आलेल्यांचे मित्र सरासरीने जास्त, आणि त्यांच्या गटात साथ चिठ्ठीने निवडलेल्यांपेक्षा सुमारे दोन आठवडे आधी पोचली. लोकप्रिय मंडळींना तापसुद्धा सगळ्यांच्या आधी!