आंशिक दाब

आंशिक दाब : मिश्रणातील एखाद्या वायूने त्याच तापमानाला सगळे पात्र एकट्याने व्यापले असते, तर जो दाब पडला असता, तो त्या वायूचा आंशिक दाब. परस्परांशी रासायनिक विक्रिया न करणाऱ्या वायूंच्या आंशिक दाबांची बेरीज म्हणजे मिश्रणाचा एकूण दाब. मँचेस्टरच्या जॉन डाल्टन यांनी हा नियम 1801 मध्ये मांडला. ते हवामानाच्या नोंदी ठेवत, आणि हवेतल्या बाष्पाचा विचार करतानाच ते या नियमापर्यंत आले.

आकडेमोड सोपी आहे. घटकाच्या मोलांना (मोल म्हणजे रेणूंची ठरावीक संख्या मोजण्याचे एकक) मिश्रणातील एकूण मोलांनी भागायचे आणि आलेल्या मोल-अंशाने एकूण दाबाला गुणायचे. गफलत होते ती वजनामुळे. टाकीत 32 ग्रॅम ऑक्सिजन आणि 4 ग्रॅम हीलियम असेल, तर ऑक्सिजन आठपट जड असूनही दोघांचा दाब सारखाच, कारण दोन्ही वायू एकेक मोल आहेत. दाब फार वाढला किंवा तापमान फार उतरले, की खऱ्या वायूंच्या बाबतीत हा हिशेब थोडा चुकू लागतो.

बाष्प वजा करायचे राहून जाणे ही विद्यार्थ्यांची नेहमीची चूक. 25° से. तापमानाला पाण्यावर गोळा केलेल्या वायूचा एकूण दाब 750 मिमी. पारा (म्हणजे पाऱ्याच्या स्तंभाच्या उंचीत मोजलेला दाब) भरला, तर त्यातले 23.8 मिमी. बाष्पाचे असतात, वायूच्या वाट्याला 726.2 उरतात.

श्वसनात हीच वजाबाकी जिवावर बेतू शकते. कोरड्या हवेत ऑक्सिजन 20.95 टक्के, म्हणून समुद्रसपाटीला (760 मिमी.) त्याचा आंशिक दाब सुमारे 159 मिमी. श्वासनलिकेत मात्र हवा 37° से.ला बाष्पाने संपृक्त होते. त्या बाष्पाचे 47 मिमी. आधी वजा केले, की ऑक्सिजनचे 149 उरतात. एव्हरेस्टच्या माथ्यावर 1981 मध्ये हवेचा दाब सुमारे 253 मिमी. मोजला गेला. तिथेही ऑक्सिजनची टक्केवारी तीच असते. ‘वर ऑक्सिजन कमी’ हे बोलणे तेवढ्यापुरते सैलच. पण बाष्पदाब शरीराच्या तापमानावर ठरत असल्याने 47 चे 47 च राहतात, आणि ऑक्सिजनला जेमतेम 43 मिमी. मिळतात.

समुद्रात बुडी मारणाऱ्या माणसांची अडचण उलटी. समुद्रात 40 मीटर खोलीवर दाब सुमारे 5 बार असतो (1 बार म्हणजे साधारण समुद्रसपाटीच्या हवेचा दाब). 32 टक्के ऑक्सिजनचे मिश्रण तिथे वापरल्यास ऑक्सिजनचा आंशिक दाब 1.6 बारवर जातो. त्यापुढे झटके येण्याचा धोका वाढत असल्याने सहसा हीच कमाल मर्यादा धरतात.