पार्श्वभूमी : ‘एंड टास्क’ आणि ‘एंड प्रोसेस’ यांतला विसरलेला फरक

कंट्रोल, आल्ट आणि डिलीट ही तीन बटनं १९८१च्या आयबीएम पीसीसोबत आली, तेव्हा त्यांचं काम एकच होतं : मशीन पुन्हा सुरू करणं. चुकून दाबली जाऊ नयेत म्हणून ती मुद्दाम लांब-लांबची निवडली होती. १९९२च्या विंडोज ३.१मध्ये त्याच बटनांवर दुसरं काम आलं, अडकलेला एकटा प्रोग्राम बंद करण्याचं. विंडोज ९५ आणि ९८मध्ये एकदा दाबलं की प्रोग्रामांची यादी यायची. यादी यायला उशीर झाला म्हणून कोणी पुन्हा दाबलं, की अख्खं मशीन रीस्टार्ट. पुढच्या सगळ्या गोंधळाचं मूळ मला इथं दिसतं. प्रोग्राम बंद करणं आणि मशीन बंद करणं यांत फक्त एका जास्तीच्या दाबाचं अंतर ठेवलं गेलं.

२००१ साली एमएस-सीआयटी सुरू झाली आणि विदर्भातही तालुक्याच्या गावांमध्ये कॉम्प्युटरचे वर्ग निघाले. यवतमाळ जिल्ह्यातल्या अशाच एका वर्गात मी शिकवत होतो. मशीनवर विंडोज एक्सपी, रॅम १२८ एमबी, आणि भारनियमनामुळे लाइट कधी जाईल याचा भरवसा नाही. खटका बंद झाल्यासारखं मशीन रोजच बंद पडायचं, त्यामुळे अडलं की बटन चार सेकंद दाबून धरायचं, ही सवय सगळ्यांना आपोआप लागली. ९८वरच्या मशीनला त्यानंतर निळ्या पडद्यावर डिस्क तपासत बसावं लागे. एक्सपीवरच्या एनटीएफएस या फाइल सिस्टिमने, म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवण्याच्या पद्धतीने, डिस्कची पडझड बरीच आवरली. सेव्ह न केलेलं काम मात्र तिलाही वाचवता येत नव्हतं.

दर दहा मिनिटांनी कुठून तरी हाक यायची : “सर, हँग झालं जी!” या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असत. कधी एकच प्रोग्राम अडकलेला, कधी मशीन कामात गुंतलेलं, कधी खरोखर सगळंच थांबलेलं. कॅप्स लॉक दाबून त्याचा दिवा लागतो-विझतो का बघायचं. लागत असेल तर मशीन बहुधा जागं आहे. कॅबिनेटवरचा डिस्कचा लाल दिवा लुकलुकत असेल तर काम चालू आहे, हात लावायचा नाही.

खिडकीच्या माथ्यावर येणारे ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ हे शब्द तर सगळ्यात जास्त फसवत. त्यांचा अर्थ प्रोग्राम मेला असा नाही. खिडकीने पाच सेकंद आपल्या नावाचे निरोप उचलले नाहीत, एवढंच विंडोज त्यातून सांगतं. १२८ एमबीच्या मशीनवर मोठी फाइल उघडायला पाच सेकंद सहज लागत.

आता मूळ मुद्दा. एक्सपीच्या टास्क मॅनेजरमध्ये, म्हणजे चालू प्रोग्राम दाखवणाऱ्या खिडकीत, दोन बटनं होती. पहिल्या टॅबवरचं ‘एंड टास्क’ प्रोग्रामला आधी ‘बंद हो’ असा निरोप द्यायचं. प्रोग्राममध्ये धुगधुगी असेल तर तो ‘सेव्ह करू का?’ विचारून बंद व्हायचा. उत्तरच आलं नाही तर जबरदस्तीने बंद करण्याची चौकट यायची. दुसऱ्या टॅबवरचं ‘एंड प्रोसेस’ तुम्हाला एक इशारा द्यायचं, पण प्रोग्रामला काही विचारायचं नाही. होय म्हटलं की खेळ खलास. युनिक्स या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवाल्यांकडे हाच फरक क्रमांकांनी सांगतात : १५ म्हणजे विनंती, ९ म्हणजे नाकारता न येणारा हुकूम. आमच्याकडे मात्र बऱ्याच जणांनी थेट ‘एंड प्रोसेस’ शिकवलं, कारण ते झटपट होतं. ते चूक होतं, असं माझं आजही ठाम मत आहे.

एका गुरुजींनी शाळेचा पूर्ण निकाल एक्सेलमध्ये भरत आणला होता. ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ दिसताच शेजारच्या मुलाने मदत म्हणून ‘एंड प्रोसेस’ केलं. मी पोचलो तेव्हा पडदा रिकामा होता. त्या मुलाने सांगितलं, लाल दिवा शेवटपर्यंत लुकलुकत होता. गुरुजी काही बोलले नाहीत. त्यांनी रजिस्टर पुन्हा पहिल्या पानावर उघडलं आणि रोल नंबर एकपासून सुरुवात केली.

२००८मध्ये क्रोम आला. त्याने टॅबनिहाय वेगळ्या प्रोसेस ठेवल्या, म्हणजे टॅब स्वतंत्र प्रोग्रामसारखे चालवले, आणि शिफ्ट-एस्केप दाबून अडकलेला टॅब तेवढा बंद करता येऊ लागला. सेवा केंद्रांना हे वरदान होतं. पण २०१७मध्ये कर्जमाफीचे अर्ज ऑनलाइन भरताना जुना शब्द पुन्हा आडवा आला. गर्दी पलीकडच्या सर्व्हरवर होती, अलीकडचा ब्राउझर ठणठणीत होता. तरी ‘हँग झालं’ म्हणून तो बंद केला जायचा, आणि रांगेतल्या माणसाला अंगठा पुन्हा द्यावा लागायचा.

२०२३पासून विंडोज ११मध्ये टास्कबारवर राइट क्लिक करूनच ‘एंड टास्क’ करता येतं. ही सोय सुरुवातीला बंद असते, सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागते. अँड्रॉइडवर स्पर्शाला पाच सेकंद उत्तर मिळालं नाही की चौकट येते, आणि तिच्यात ॲप बंद करण्याच्या जोडीला ‘थांबा’ हाही पर्याय असतो. एक्सपीच्या त्या खिडकीवर तो कुठे लिहिलेला नव्हता.