खाणीवर पट्टी कशी बसवायची? बंगालच्या १८८० च्या सेस कायद्यापासून २०२४ च्या निकालापर्यंत

२५ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने निकाल दिला: खनिजावरची रॉयल्टी, म्हणजे खनिज काढू देण्याबद्दल मालकाला द्यायचा मोबदला, हा कर नाही, आणि खनिज असलेल्या जमिनीवर कर बसवायचा अधिकार राज्यांना आहे. बातम्यांत चर्चा झाली ती थकबाकीची. झारखंड-ओडिशाच्या तिजोरीत किती येणार, पोलाद आणि सिमेंट कंपन्यांना किती भुर्दंड पडणार, वगैरे. हा वाद आला कुठून, हे मात्र फारसं कुणी सांगितलं नाही. त्यासाठी जवळजवळ दीडशे वर्षं मागे, बंगालमधल्या कलेक्टर कचेरीतून निघणाऱ्या एका नोटिशीपर्यंत जावं लागतं.

आधी अडचण काय आहे ते पाहू. घराची आकारणी आपल्या ओळखीची आहे. ग्रामपंचायतीत नमुना ८ ची नोंदवही उघडली की घराची लांबी-रुंदी, बांधकाम दगडविटांचं की मातीचं, भांडवली मूल्य आणि बसवलेली पट्टी हे सगळं एका ओळीत दिसतं. शेताचंही तसंच, प्रत ठरली की सारा ठरतो. घर उद्याही तेवढंच राहणार, शेत पुढच्या वर्षीही पिकणार. खाणीचं काय करायचं? तिची किंमत जमिनीखाली असते आणि ती डोळ्यांना दिसत नाही. बाहेर काढलेल्या प्रत्येक टनागणिक मालमत्ता तेवढी कमी होते. वरचं क्षेत्र मोजावं तर दहा एकर पडीक आणि दहा एकर कोळसा यांना एकच आकार लागेल. नफा मोजावा तर तो मालमत्तेवरचा कर राहतो की उत्पन्नावरचा होतो? पुढचे सगळे खटले या एका प्रश्नाभोवती फिरले आहेत.

बंगालमध्ये हा प्रश्न आधी उभा राहिला, त्याला कारण होतं. १७९३ च्या कायमधाऱ्याने जमीनदारांचा सारा कायमचा ठरून गेला. पुढे राणीगंज आणि झरियाच्या पट्ट्यात कोळसा निघू लागला, तेव्हा जमिनीखालचं खनिजही जमीनदाराचंच, असा व्यवहार रुजला. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे त्या काळच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, १९१० आणि १९१२ च्या निकालांत त्यावर शिक्कामोर्तब केलं. त्यातला दुसरा खटला झरियाच्या राजाचाच होता. म्हणजे कोळसा कंपन्या रॉयल्टी भरायच्या ती जमीनदाराला. सरकारच्या हाती टनामागे काहीच पडत नव्हतं.

इकडे रयतवारी मुलखात, जिथे सरकार थेट शेतकऱ्याकडून सारा घेई, चित्र वेगळं होतं. खनिजावर मालकी सरकारची, म्हणून रॉयल्टीही सरकारचीच. मुंबई इलाख्यात १८६९ च्या कायद्याने साऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड वसूल होई आणि त्यातून रस्ते, शाळा, धर्मशाळा होत. जिल्हा परिषदेचा उपकर हा त्याचाच वंशज. बंगालमध्ये मात्र साराच गोठलेला असल्याने त्यावर आणा चढवायचा कसा, हा पेच होता.

१८७० मध्ये ब्रिटिश मंत्रिमंडळातले भारतमंत्री ड्यूक ऑफ आर्गाइल यांनी स्थानिक सेसला, म्हणजे उपकराला, मान्यता दिली. हा कायमधाऱ्याचा भंग आहे, अशी ओरड जमीनदारांनी केली, पण सरकार बधलं नाही. १८७१ मध्ये रस्त्यांसाठीचा रोड सेस आला, १८७७ मध्ये सार्वजनिक बांधकामांसाठी दुसरा सेस आला, आणि १८८० मध्ये दोन्ही एकत्र करून बंगालचा सेस कायदा झाला. सर्व स्थावर मालमत्ता त्याखाली आली. शेतजमिनीला माप लावलं वार्षिक मूल्याचं. खाणी, दगडाच्या खाणी, ट्रामवे आणि रेल्वे यांना वेगळं माप लावलं: वार्षिक निव्वळ नफा. कमाल दर प्रत्येक सेसला रुपयामागे अर्धा आणा.

माझ्या मते या कायद्याचा सगळ्यात विचारपूर्वक लिहिलेला भाग म्हणजे खाणींविषयीची कलमं. कलेक्टरने दरवर्षी खाणीच्या मालकाला, मुख्य एजंटला, मॅनेजरला किंवा ताबेदाराला नोटीस बजावायची. त्याने दोन महिन्यांत विवरण दाखल करायचं. विवरणात द्यायचा आकडा एका वर्षाच्या नफ्याचा नाही, हिशेब पूर्ण झालेल्या शेवटच्या तीन वर्षांच्या सरासरीचा. खाणीत एखाद्या वर्षी पाणी शिरतं, एखाद्या वर्षी कोळसा न्यायला रेल्वेच्या वाघिणी मिळत नाहीत, तर कधी भाव चढतो. तीन वर्षांच्या सरासरीने हे चढउतार थोडे सपाट होत.

एक काल्पनिक खाण घेऊ. तिचा नफा पहिल्या वर्षी १२,००० रुपये, दुसऱ्या वर्षी ९,०००, तिसऱ्या वर्षी १५,०००. सरासरी झाली १२,०००. अर्धा आणा म्हणजे रुपयाचा बत्तिसावा हिस्सा, तेव्हा रोड सेस ३७५ रुपये आणि बांधकाम सेस ३७५, मिळून ७५०. मॅनेजरने विवरणच दिलं नाही, किंवा दिलेलं कलेक्टरला पटलं नाही, तर कलेक्टर स्वतः नफा ठरवी. नफ्याचा थांगच लागत नसेल तर आणखी एक वाट ठेवली होती: खाणीची किंमत ठरवायची आणि त्या किमतीच्या सहा टक्के रक्कम हाच वार्षिक निव्वळ नफा धरायचा. समजा आपल्या खाणीची किंमत दोन लाख ठरली, तर सहा टक्क्यांनी नफा पुन्हा १२,००० च येतो आणि सेस तोच ७५०.

या तरतुदीकडे जरा थांबून पाहायला हवं. नफ्यावरून आकारणी, आणि तो सापडत नसेल तर किमतीवरून नफा. खाण ही मालमत्ता आहे आणि नफा तिच्या मोलाचं माप आहे, असं कायदा लिहिणाऱ्यांच्या मनात पक्कं होतं. कर कशावर आणि माप कशाचं, या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या ठेवल्या होत्या. शंभर वर्षांनी न्यायालयांत गोंधळ झाला तो नेमका इथे.

इतिहासाच्या अभ्यासकाला अशी कागदपत्रं मोलाची का, याचंही उत्तर त्यांच्या काळात आहे. देशातला आयकर १८७३ मध्ये बंद झाला आणि कायमचा म्हणून परत आला १८८६ मध्ये. मधल्या वर्षांत खाणीचा तीन वर्षांचा निव्वळ नफा सरकारी कागदावर मागणारा कायदा हाच. मोठ्या कंपन्यांचे ताळेबंद भागधारकांपुढे येत, पण खासगी मालकीच्या लहान खाणींना तसं काही बंधन नव्हतं. सेसच्या विवरणात मॅनेजरने स्वतः सांगितलेला आकडा, कलेक्टरने ठरवलेला आकडा, आणि हरकत आली असेल तर तिसरा, असे तिन्ही शेजारी शेजारी येऊ शकतात. अर्थात आकडा वाचताना एक भान ठेवावं लागतं. विवरण देणाऱ्याचा फायदा नफा कमी दाखवण्यात होता. म्हणून हा आकडा खाणीच्या कमाईचा पुरावा म्हणून घेताना खालची मर्यादा म्हणूनच घ्यावा.

स्वातंत्र्यानंतर पायाच बदलला. १९५० च्या बिहार जमीन सुधारणा कायद्याने जमीनदारी गेली आणि खाणपट्टे, म्हणजे खाणकामाचे भाडेकरार, देणाऱ्या जमीनदाराच्या जागी राज्य सरकार आलं. सेस घेणारा आणि रॉयल्टी घेणारा आता एकच झाला. पण रॉयल्टीचा दर ठरवण्याची मुखत्यारी राज्याकडे राहिली नाही. १९५७ च्या खाण व खनिज कायद्याने प्रमुख खनिजांबाबत ती केंद्राकडे गेली. जमीन राज्याची, धूळ आणि खचलेले रस्ते राज्याचे, दर मात्र दिल्लीचा. खनिजवाल्या राज्यांची ही तक्रार तेव्हापासूनची आहे आणि मला ती रास्त वाटते.

ओडिशाने १९५२ मध्येच एक वाट काढली होती: खाणक्षेत्र विकास निधी. खाणीच्या तोंडाशी खनिजाची जी किंमत असेल तिच्या पाच टक्क्यांपर्यंत सेस घ्यायचा आणि तो त्याच भागातले रस्ते, पाणी, आरोग्य यांवर खर्च करायचा. हिंगीर-रामपूर कोल कंपनीने त्याला आव्हान दिलं. निकाल १९६० च्या नोव्हेंबरमध्ये आला आणि बहुमताचं निकालपत्र लिहिलं न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी. सातारच्या या न्यायमूर्तींनी कर आणि फी यांतला फरक नीट उलगडून दाखवला. पैसा वेगळा ठेवला जातो, ज्यांच्याकडून घेतला त्यांच्याच भागाच्या सेवेसाठी तो लागतो, म्हणून ही फी आहे आणि राज्य ती घेऊ शकतं, असं त्यांचं म्हणणं. पुढे १९५७ च्या कायद्यामुळे तो सेस टिकला नाही, पण खाणीतून आलेला पैसा खाणीच्या गावाला लागावा, हा विचार टिकला. आज चंद्रपूर, यवतमाळ, नागपूर या जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे जो निधी जमतो, त्यामागे हाच विचार आहे. त्याचं मापही रॉयल्टीच आहे: जुन्या खाणपट्ट्यांना रॉयल्टीच्या तीस टक्के, लिलावाने दिलेल्यांना दहा टक्के.

सत्तरच्या दशकात कोळशाचं राष्ट्रीयीकरण झालं आणि सेस भरणारे मालक सरकारी कंपन्या झाल्या. त्याच सुमारास बिहारने आपल्याकडेही लागू असलेल्या १८८० च्या बंगाल कायद्यातलं माप बदललं. तीन वर्षांचा सरासरी नफा तपासत बसण्यापेक्षा रॉयल्टी धरणं सोपं होतं. तो आकडा आधीच ठरलेला, वादाला जागा नाही. पश्चिम बंगालने खाणीतून बाहेर जाणाऱ्या कोळशाचं माप लावलं. कारकुनाच्या दृष्टीने हे सोयीचं होतं. कायद्याच्या दृष्टीने मात्र तिथे दार उघडं राहिलं: सेस रॉयल्टीवर मोजला, तर तो जमिनीवरचा राहिला का, की रॉयल्टीवरचाच झाला?

हे दार ढकललं गेलं तमिळनाडूत. तिथल्या पंचायत कायद्याखाली जमीन महसुलाच्या रुपयामागे ४५ पैसे स्थानिक सेस होता आणि महसुलात रॉयल्टीही धरली होती. इंडिया सिमेंट्स कंपनी न्यायालयात गेली. ऑक्टोबर १९८९ मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने सेस रद्द केला आणि निकालपत्रात एक वाक्य लिहिलं गेलं: रॉयल्टी हा कर आहे. त्या चार शब्दांनी पुढची पस्तीस वर्षं व्यापली. रॉयल्टी हाच कर, आणि तो केंद्राच्या कायद्याखालचा, तर त्यावर राज्याला आणखी कर लावता येणार नाही. १९९१ मध्ये ओडिशा आणि बिहारचे सेसही याच आधारे गेले. वसूल केलेले पैसे राज्यांनी परत द्यायचे म्हटलं तर तिजोऱ्या रिकाम्या झाल्या असत्या. म्हणून संसदेने १९९२ मध्ये कायदा करून ४ एप्रिल १९९१ पर्यंतची वसुली वैध ठरवली. दरम्यान केंद्राने कोळशाची रॉयल्टी वाढवली, पण सेस चालू ठेवणाऱ्या पश्चिम बंगालला जुन्याच कमी दरावर ठेवलं.

जानेवारी २००४ मध्ये केसोराम खटल्यात पाच न्यायाधीशांच्या पीठाने, चार विरुद्ध एक अशा बहुमताने, १९८९ च्या त्या वाक्याबद्दल सांगितलं की ती मुद्रणातली किंवा अनवधानाची चूक असावी. ‘रॉयल्टीवरचा सेस हा कर आहे’ असं तिथे म्हणायचं असणार. देशातल्या राज्यांचा अब्जावधींचा महसूल एका गळालेल्या शब्दावर अडला होता, असं त्याचा सरळ अर्थ होतो. पण पाच जणांच्या पीठाला सात जणांचं वाक्य दुरुस्त करता येतं का? धनबादच्या खनिज क्षेत्र विकास प्राधिकरणाने खाणकामासाठी वापरल्या जाणाऱ्या जमिनीवर लावलेल्या कराचा खटला त्याच सुमारास सर्वोच्च न्यायालयात होता. ३० मार्च २०११ रोजी तो नऊ जणांच्या पीठाकडे सोपवला गेला. सुनावणी झाली ती १३ वर्षांनी.

२०२४ चं बहुमताचं निकालपत्र सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलं. पीठावर न्यायमूर्ती अभय ओकही होते. रॉयल्टी म्हणजे खनिज काढू देण्याबद्दल पट्टेदाराने मालकाला करारानुसार द्यायचा मोबदला, कर नव्हे, हे बहुमताने ठरवलं. कर जमिनीवर असला तरी तो मोजताना खनिजाची किंमत किंवा रॉयल्टी हे माप घेता येतं, हेही मान्य केलं. बंगालच्या जुन्या कायद्यात नफ्याचं जे स्थान होतं, तेच इथे रॉयल्टीला मिळालं. न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांचं मत वेगळं पडलं. राज्यांत चढाओढ लागेल आणि देशभरच्या खनिज विकासाचा तोल जाईल, ही त्यांची भीती होती. ती वाऱ्यावर सोडण्यासारखी नाही. निकालानंतर काही दिवसांतच झारखंड विधानसभेने खनिज असलेल्या जमिनीवर नवा सेस लावणारं विधेयक मंजूर केलं.

१४ ऑगस्ट २०२४ रोजी न्यायालयाने वसुलीची घडी बसवून दिली. १ एप्रिल २००५ च्या आधीच्या व्यवहारांवर राज्यांनी मागणी करायची नाही. त्यानंतरची थकबाकी १ एप्रिल २०२६ पासून बारा वर्षांच्या हप्त्यांत घ्यायची, आणि २५ जुलै २०२४ पूर्वीच्या मागणीवर व्याज-दंड माफ. म्हणजे २००५ नंतरच्या आकारणीच्या फायली पुन्हा टेबलावर येतील. खाणवार, वर्षवार आकडे जुळवले जातील. त्याआधीच्या कागदांवरून आता कुणाकडून रुपयाही मागता येणार नाही. ते आता फक्त वाचण्यासाठी उरले आहेत.